तीर्थरूप बादशहांस

आमच्या गावाला आजवर चार नावे झाली. माणसाला चार नावे असली तर पोलिस त्याच्यावर पाळत ठेवतात. गावाला असली की गावाला इतिहास आहे असे म्हणतात. मलिक अंबराने १६१० साली वसवले तेव्हा हे गाव खडकी होते. १६२६ साली अंबर वारला आणि त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, त्याचे फत्तेनगर केले. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा इकडे आला, त्याने १६५३ साली औरंगाबाद केले. आणि २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावांच्या वादात मी पडत नाही. नातीच्या बारशाला दोन्हीकडच्या आज्या माझ्यासमोर बसल्या होत्या, तेव्हा नावाच्या बाबतीत काय ते एकदाच पाहून घेतले आहे.

पण तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यामुळे एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली. पहिले नाव सोडले, तर बाकीची तिन्ही नावे कुणाच्या तरी मुलाची आहेत. बापाच्या नावाचे गाव इथे टिकलेच नाही, म्हणजे मुळात झालेच नाही. अंबराने गाव वसवले, पाणी आणले, पण नाव ठेवताना दगडधोंडे बघून खडकी ठेवले. मुलाने पहिले काम केले ते पाटी बदलण्याचे. (नाव फत्तेखान, आणि १६३३ साली याच फत्तेखानाने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. मुलांची नावे ठेवताना फार मोठी आशा धरू नये म्हणतात ते खोटं नाही.)

तेव्हा बाप आणि मुलगा यांचे बोलणे कसे होते, किंवा कसे होत नाही, यावर दोन शब्द सांगायचा आमच्या गावाला थोडा अधिकार आहे, असे मला वाटते.

हल्ली या विषयावर व्याख्याने होतात. ‘पालक-पाल्य सुसंवाद’ असा फलक लागतो, हार आणि नारळ होतो, आणि वक्ते सांगतात, की मुलांचे मित्र व्हा. मागे अशा एका व्याख्यानाला गेलो होतो. माझ्या शेजारचे गृहस्थ दीड तास माना डोलवत होते आणि दीड तास पुढच्या रांगेतल्या आपल्या चिरंजीवांना खुणेने ‘नीट बस’ म्हणून सांगत होते. मला त्यांचा राग आला नाही. मित्राला ‘नीट बस’ म्हणता येत नाही, बापाला म्हणावं लागतं, हा त्या व्याख्यानात राहून गेलेला मुद्दा ते आपल्या परीने मांडत होते.

माझे म्हणणे असे, की घरात बोलणे कमी असते हे खरेच नाही. बोलणे भरपूर असते. ते चुकीच्या वस्तूबद्दल असते. आणि याचा दाखला हवा असेल तर मोगलांच्या घरात डोकवावे, कारण तिथली माणसे आपापसांत बोलत नसली तरी पत्रे फार लिहीत, आणि पत्रे जपून ठेवणारे चिटणीस त्यांच्या पदरी होते. औरंगजेबाच्या पत्रांचे एक नाही, अनेक संग्रह आहेत. आदाब-इ-आलमगिरीत तो मुलगा म्हणून बापाला लिहितो, रुकआत-इ-आलमगिरीत बाप म्हणून मुलांना लिहितो. एकाच माणसाची दोन्ही बाजूंची कैफियत अशी हाताशी मिळणे दुर्मिळ. जदुनाथ सरकारांनी या पत्रांवरून पाच खंडांचा इतिहास उभा केला. ते खंड निवृत्तीनंतर मी सावकाश वाचले. सौभाग्यवतींचे मत असे, की मी ते डुलकी लागावी म्हणून छातीवर ठेवतो. असो.

या घराण्याची पार्श्वभूमी आधी सांगायला हवी. अकबर बादशहा आपल्या मुलाला, सलीमला, ‘शेखूबाबा’ म्हणायचा. हे खुद्द जहांगीरानेच लिहून ठेवले आहे, की वडिलांनी मला कधी सलीम म्हणून हाक मारल्याचे ऐकले नाही. इतका लाडका शेखूबाबा मोठा झाला, अलाहाबादेस जाऊन बसला, आणि १६०२ साली त्याने बापाचा जिवलग मित्र अबुल फजल याला मारवले. पुढे तोच जहांगीर बाप झाला. त्याचा खुर्रम नावाचा मुलगा दख्खनेत येऊन आमच्या मलिक अंबराकडून मुलूख परत घेऊन गेला, तेव्हा १६१७ साली बापाने त्याच्या डोक्यावरून रत्ने ओवाळून टाकली आणि ‘शाहजहान’ असा किताब दिला. पाच वर्षांत या शाहजहानाने बंड केले. बापाने हुकूम काढला, की यापुढे त्याला ‘बेदौलत’ म्हणावे, म्हणजे करंटा. आपल्याकडे एका दिवसात ‘राजा’चा ‘गाढव’ होतो, तिथे सरकारी कागदोपत्री झाला, एवढाच फरक.

आणि बापाशी बिनसल्यावर हा बेदौलत गेला कुठे? दख्खनेत. ज्याला नमवल्याबद्दल किताब मिळाला होता त्या मलिक अंबराच्याच आसऱ्याला. शेवटी १६२६ साली समेट झाला, तेव्हा अट अशी, की दोन मुलगे आजोबांकडे ओलीस ठेवायचे. त्यांतला एक दारा आणि दुसरा औरंगजेब, वय आठ वर्षांच्या आत. आपली मुले सुटीत आजोबांकडे जातात ती आंबे खायला. हा गेला तो तारण म्हणून. बापलेकांच्या संबंधांविषयीचे त्याचे शिक्षण तिथूनच सुरू झाले म्हणा.

आता येऊ आंब्यांकडे.

१६५२ साली औरंगजेब कंदाहार घेण्यात दुसऱ्यांदा अपयशी ठरला आणि बापाने त्याला दख्खनच्या सुभेदारीवर पाठवले. पुढच्याच वर्षी थोरल्या दारानेही कंदाहारसमोर हात टेकले, पण लाडका तो लाडकाच राहिला. दख्खनचा वसूल धड येत नव्हता, खजिन्यात खडखडाट होता, आणि अशा वेळी उत्तरेतून बादशहांची पत्रे येत. त्यांत एक विषय होता आंब्याचा. बऱ्हाणपुरात एक झाड होते, त्याचे नावच ‘बादशाहपसंद’. त्याचे फळ पाठवण्याची जबाबदारी सुभेदाराची. आंबे मनासारखे आले नाहीत, तेव्हा जगातल्या सर्वांत श्रीमंत बादशहाला संशय आला, की चांगली फळे पोरगा आपणच खातो आहे! आणि पोरगा म्हणजे पस्तिशीचा, मुलाबाळांचा, चार सुभ्यांचा कारभारी. त्याने रीतसर खुलासा पाठवला. मग बऱ्हाणपूरच्या विणकरांवरून खटका उडाला, की चांगले कारागीर सरकारी कारखान्यात पाठवायचे सोडून शाहजादा स्वतःच्या कारखान्यात ठेवतो. मग नेमणुकांवरून. तेव्हा मात्र शाहजाद्याने लिहिले, की अठराव्या वर्षापासून मी सुभेदारी करतो आहे आणि नालायक माणसाची शिफारस मी आजवर केलेली नाही.

ही पत्रे वाचताना मला हसू येई, आणि मग हसू थांबे. कारण मायना पाहा. या पत्रांत औरंगजेब स्वतःला ‘मुरीद’ म्हणवतो. मुरीद म्हणजे शिष्य, आणि बाप म्हणजे पीर. आंब्याचा हिशेब मागणारा पीर आणि तो देणारा शिष्य! आपल्याकडे तरी निराळे काय? आम्ही वडिलांना ‘तीर्थरूप’ लिहीत होतो. तीर्थाला माणूस जातो, हात जोडतो, प्रदक्षिणा घालतो आणि परत येतो. तीर्थाशी गप्पा मारत कुणी बसत नाही.

माझे वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. मी शिकायला इथे शहरात, ते तालुक्याला. दर पंधरा दिवसांनी कार्ड. ‘चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व क्षेम. तुझे कार्ड पावले. साबण जपून वापरणे. रात्री कंदील मोठा ठेवू नये, डोळे व रॉकेल दोन्ही जाते.’ कार्डाला दोन बाजू असतात, पण वडिलांनी पत्त्याच्या बाजूची मोकळी जागा कधी वापरल्याचे आठवत नाही. मजकूर तिथवर पोचतच नसे. उन्हाळ्यात मात्र एसटीने गावरान आंब्याची करंडी यायची, कंडक्टरच्या हाती. सोबत कार्ड : ‘आंबे पाठविले आहेत. वरचे आधी खाणे. करंडी परत पाठविणे.’ मीही उलट लिहायचो, ‘तीर्थरूप बाबांस कृ. सा. न. वि. वि. आंबे पोचले. गोड आहेत. करंडी पाठवीत आहे.’ असा आमचा पत्रव्यवहार सहा वर्षे चालला. आंबे खरोखर गोड असत.

सुटीत घरी गेले, की आमच्यात आई असे. इथे मला पुन्हा मलिक अंबर आठवतो. त्याने शहराला पाणी आणले ते नहरीने. जमिनीखालून, उतार साधत, वरून कुणाला पत्ता न लागता पाणी येई, आणि मध्ये मध्ये दाब सोडायला मनोरे. आमच्या घरात आई ही अशी नहर होती. ‘त्याला म्हणावं, केस वाढलेत.’ मी तिथेच दोन हातांवर बसलेलो. आई वळून सांगे, ‘अरे, केस वाढलेत म्हणतात.’ मी म्हणे, ‘रविवारी कापतो म्हणाव.’ आई तिकडे वळून सांगे. आणि दाब फार वाढला, की भांड्यांचा आवाज येई. तो मनोरा.

शाहजहानच्या घरी हे काम जहानआराकडे होते. थोरली लेक, बापाची लाडकी आणि भावाचाही विश्वास असलेली. बापापुढे थेट मांडता येत नसे ते औरंगजेब तिला लिही. एक गोष्ट सांगतात, ती पुढच्या काळातल्या एका किस्सेसंग्रहातली आहे, पण मासलेवाईक आहे. दाराने नवा वाडा बांधला आणि सगळ्यांना तळघरातली थंडगार खोली दाखवायला नेले. सगळे आत गेले, औरंगजेब दारातच बसून राहिला. बादशहाने कारण विचारले, याने सांगितले नाही. बादशहा संतापला, दरबार बंद झाला. काही महिने गेले, आणि मग कारण विचारायला पाठवले कुणाला, तर जहानआराला! तेव्हा कळले, की दाराने बाहेरून दार लावले तर सगळेच अडकतील, म्हणून स्वारी दारात बसली होती. बरोबर की चूक ते सोडा. घरात बसलेल्या मुलाच्या मनात आपल्या थोरल्या भावाची ही धास्ती आहे, हे बापाला कळायला इतके महिने आणि एक बहीण लागली.

१६५७ साली शाहजहान आजारी पडला, मुलांत लढाया झाल्या, आणि १६५८ पासून १६६६ साली मरेपर्यंत तो आग्र्याच्या किल्ल्यात कैद होता. जहानआरा आपणहून त्याच्याजवळ राहिली. सुरुवातीला बापलेकांत पत्रे जात येत होती, आणि गंमत म्हणजे आता त्यांत आंबे नव्हते, विणकरही नव्हते. बापाने दोष दिला, तेव्हा मुलाने विचारले, की तुम्ही खुस्रौ आणि परवीझ या आपल्या भावांचे काय केलेत? आणि आणखी एक गोष्ट त्याने लिहिली : तुमचे माझ्यावर प्रेम नाही, याची माझी खात्री झाली होती. आदाब-इ-आलमगिरीतली ती आंब्यांची पत्रे या वाक्यानंतर पुन्हा उघडून पाहावीत. झाडाच्या राखणीचे खुलासे वाचताना आता हसू येत नाही.

बरे, एवढे सोसलेला माणूस स्वतः बाप झाल्यावर शहाणा झाला असेल? त्याच्या पाच मुलांपैकी थोरला कैदेतच गेला. दुसरा मुअज्जम गोवळकोंड्याच्या सुलतानाशी गुप्त पत्रव्यवहार केल्यावरून १६८७ साली पकडला गेला, सात-आठ वर्षे बंदिवासात होता. एका शाहजाद्याबद्दल तर असे सांगतात, की बापाचे पत्र आले म्हणजे उघडण्याआधीच त्याचा चेहरा पांढरा पडे.

आणि अकबर. हा आमच्या गावचा. ११ सप्टेंबर १६५७ रोजी इथे जन्मला, आणि महिन्याभरात आई गेली. बीबी का मकबरा आहे तो त्याच आईचा, दिलरस बानू बेगमचा. आईविना वाढलेला म्हणून बापाचा याच्यावर विशेष जीव. म्हणजे मधली नहरच नाही, बाप आणि मुलगा समोरासमोर. १६८१ च्या जानेवारीत याने राजपुतांच्या बळावर बंड केले. बापाजवळ त्या वेळी फौज थोडी. त्याने काय केले? मुलाला पत्र लिहिले. पत्रात शाबासकी, की ठरल्याप्रमाणे राजपुतांना छान जाळ्यात आणलेस. आणि ते पत्र राजपुतांच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली. रातोरात फौज पांगली. बापाने मुलाची एवढी स्तुती केलेले हे पत्र, आणि ते मुलाने वाचण्यासाठी नव्हतेच!

अकबर पळाला, तो दुर्गादास राठोडाबरोबर दख्खनेत, थेट संभाजी महाराजांच्या आश्रयाला. बापाशी भांडलेला शाहजादा दख्खनेत येतो, हा त्या घराण्याचा रिवाजच दिसतो. बापाने लिहिले, की सगळ्या मुलांत तू मला प्रिय होतास, परत ये. मुलाने उलट लिहिले, की या वाटेचे गुरू आपणच. आपण ज्या वाटेने गेलात ती चुकीची कशी म्हणावी? उत्तर बिनतोड होते. बाप स्वतः फौज घेऊन निघाला आणि १६८२ च्या मार्चमध्ये औरंगाबादेत पोचला. पुढची पंचवीस वर्षे तो दख्खनेतून परत गेला नाही. मुलगा १६८७ साली जहाजाने निघून गेला आणि बापाच्या आधी इराणातच वारला. या सगळ्यात मला वाईट वाटते ते झेबुन्निसाचे. ही औरंगजेबाची थोरली मुलगी. बंडाच्या वेळी अकबराला तिने लिहिलेली पत्रे सापडली आणि तिला दिल्लीजवळ सलीमगडावर ठेवले. १७०२ साली ती वारली ती तिथेच. आत्याने केले तेच तिने केले होते.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, की मास्तर, तुम्ही आम्हाला भलत्याच घरात नेऊन सोडलंत. आमच्याकडे काही किल्ले नाहीत. कबूल. माझ्याकडेही नाहीत. माझ्याकडे वडिलांची एक ट्रंक आहे. ते गेल्यावर उघडली, तर आत मी पाठवलेली सगळी कार्डे सुतळीने बांधून ठेवलेली. प्रत्येकावर कचेरीच्या पद्धतीने लाल शाईत आवक क्रमांक, पोचल्याची तारीख आणि सही! एक ते एकशे एकोणतीस. त्यांतल्या एका कार्डावर, आंबे पोचले, गोड आहेत, याच्या खाली मी कधी काळी एक ओळ जास्त लिहिली होती : ‘यंदा करंडी तुम्हीच घेऊन या, म्हणजे चार दिवस बोलता येईल.’ समासात वडिलांचा शेरा होता, ‘उत्तर देणे.’ आणि त्यापुढे कंसात, ‘बाकी.’ कारकुनी प्रामाणिक होती. बाकी होते ते बाकी म्हणून लिहून ठेवले होते.

औरंगजेबाची म्हातारपणीची पत्रे मला त्या दिवसापासून निराळी वाटू लागली. आझम हा त्याचा तापट मुलगा. त्याला बाप सारखा सूचना करतो, चुका काढतो, आणि मधेच लिहितो, की तुझ्याकडे हिवाळ्यात खाल्लेल्या खिचडी-बिर्याणीची चव आठवते. तुझा तो स्वयंपाकी मी मागितला होता, तू दिला नाहीस. त्याचा एखादा शागीर्द सापडला तर पाठव, खाण्याची हौस अजून पुरती गेलेली नाही. काश्मीरपासून कर्नाटकापर्यंतचा बादशहा मुलाकडे आचारी मागतो आणि मुलगा देत नाही! आणि बाप ते ऐकून घेतो, ही त्यातली मोठी गोष्ट. एकदा आझमने आंब्यांची डाली पाठवली आणि कळवले, की या दोन जातींना नावे नाहीत, आपण ठेवावीत. म्हाताऱ्याने आधी थोडे खेकसून घेतले, की तू स्वतः एवढा हुशार, बापाला कशाला त्रास देतोस? पण नावे ठेवली. फारसी नाही, अरबी नाही. एक ‘सुधारस’ आणि दुसरे ‘रसनाविलास’.

तरुणपणी ज्याच्यावर बापाचे आंबे खाल्ल्याचा आळ आला, त्याने मुलाच्या आंब्यांचे असे बारसे केले. ३ मार्च १७०७ रोजी तो अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, वारला आणि इथून जवळ खुलताबादेस त्याला पुरले. शेवटच्या दिवसांत आझम आणि कामबक्ष यांना लिहिलेली त्याच्या नावावरची पत्रे आहेत. एकटा आलो, अनोळखी जातो आहे, अशा भाषेतली. मायना-बियना गळून पडलेला. पण भांडणे नकोत म्हणून त्या दोघांना त्यानेच दोन दिशांना रवाना केले होते. त्याच वर्षी जूनमध्ये जाजऊच्या लढाईत आझम भावाच्या फौजेशी लढताना पडला. दीड वर्षाने कामबक्ष.

आमचे चिरंजीव पुण्याला असतात. दर रविवारी सकाळी फोन. माझा वाटा ठरलेला : ‘जेवण वेळेवर? गाडीचं सर्व्हिसिंग? बरं, घे, आईशी बोल.’ नहर चालू. या मे महिन्यात मी केशर आंब्याची पेटी पाठवली, पोचल्याचा फोन आला.

मी म्हणालो, ‘वरचे आधी खा.’

‘हो बाबा. गोड आहेत.’

इथे एरवी फोन सौभाग्यवतींकडे जातो. पण हातात जदुनाथ सरकार होते. म्हणालो, ‘तुला ठाऊक आहे का, औरंगजेबाने आंब्याचं नाव रसनाविलास ठेवलं होतं?’

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, ‘खरं? औरंगजेबानं? का पण?’

मी ‘का’पासून सुरू केले. अधूनमधून तो ‘थांबा, थांबा, हा अकबर कुठला, पहिला?’ असे विचारत होता. जाजऊपर्यंत पोचलो तेव्हा आंबे बाजूलाच राहिले होते. त्याने मधेच विचारले, ‘बाबा, आजोबा तुमच्याशी बोलायचे का हो?’ तेव्हा ट्रंकेतल्या कार्डांचेही सांगितले, एकशे एकोणतीसही क्रमांकांसकट. सौभाग्यवती दोनदा दारात येऊन पाहून गेल्या, की मी फोन खाली ठेवायला विसरलो आहे की काय.